कोरड्या दिवसांत ऑफिसातली यंत्रं स्टॅटिकपासून कशी जपायची

नाशिकला डिसेंबर-जानेवारीत सकाळी चांगली थंडी असते आणि अकराच्या सुमारास ऊन चढतं. मग ऑफिसात एकेक जण खुर्चीवर बसल्या बसल्याच स्वेटर डोक्यावरून काढतो. केस ताठ होतात, बारीक तडतड ऐकू येते, आणि त्याच हाताने पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला जातो. मी सीएंची ऑफिसं, पतसंस्था, शाळा, दवाखाने अशा ठिकाणचे कॉम्प्युटर सांभाळतो. या दोन महिन्यांत येणारे फोन ठरलेले: पेनड्राइव्ह दिसेना, माउस मधेच मेला, प्रिंटर दोन-दोन कागद ओढतोय, कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला हात लावला की करंट बसतो.

स्टॅटिक म्हणजे घासण्यामुळे वस्तूंवर आणि अंगावर साठणारी वीज. तिच्यावर उपाय म्हणून लोक पहिली खरेदी करतात ती स्टॅटिकविरोधी स्प्रे, मॅट नाहीतर मनगटी पट्ट्याची, म्हणजे अंगावरची ही वीज वायरने धातूकडे नेणाऱ्या पट्ट्याची. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. आधी त्रास नेमका कशाचा आहे ते ओळखायचं, मग अर्थिंग, मग खोलीतली हवा, मग खुर्ची-फरशी-कपडे, आणि पट्टा सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर निम्म्या ऑफिसांत खरेदीची वेळच येत नाही.

आधी ओळखा: चटका की करंट?

मराठीत आपण दोन्हीला "करंट बसला" म्हणतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो.

स्टॅटिकचा चटका एकदाच बसतो. टक् असा आवाज, टोचल्यासारखं वाटतं, संपलं. लगेच पुन्हा त्याच जागी बोट लावलं तर काहीच होत नाही, कारण अंगावर साठलेला प्रभार निघून गेलेला असतो. पुन्हा चालून आलात, खुर्चीतून उठलात, की परत बसतो. पावसाळ्यात हा प्रकार जवळजवळ थांबतो.

दुसरा प्रकार मुंग्यांसारखा. कॅबिनेटच्या पत्र्यावर किंवा लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवर बोट हळूच फिरवलं की गुणगुणल्यासारखं, खरखरीत लागतं आणि बोट तिथे आहे तोवर लागतच राहतं. हे स्टॅटिक नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये विजेतला गोंगाट, म्हणजे नको असलेल्या लहरी, गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग जागेवर असेल तर त्यातून येणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर २३० व्होल्टच्या साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येतो. प्रवाह फार कमी असल्याने सहसा इजा होत नाही, पण ही धोक्याची घंटा आहे. उद्या खरंच एखादी वायर सोलून पत्र्याला लागली, तर तो करंट वाहून न्यायला वाटच नाही. असा खरखरीतपणा जाणवला तर पुढचं वाचणं थांबवा आणि आज संध्याकाळच्या आत परवानाधारक वायरमन बोलवा.

अर्थिंग: नुसतं बघूनही बरंच कळतं

मी पहिल्यांदा एक्स्टेंशन बोर्ड बघतो. बाजारातल्या कितीतरी स्वस्त बोर्डांना भोकं तीन असतात, पण आत वायर दोनच असतात. कॉम्प्युटरची तीन पिनांची जाड केबल त्यात अगदी नीट बसते, दिसायला सगळं ठीक असतं, आणि अर्थ मात्र हवेत लोंबकळत असतो. बोर्डाच्या केबलवर किती कोअर, म्हणजे आतल्या वायर, आहेत ते छापलेलं असतं. दोन कोअरची केबल असेल तर तो बोर्ड कॉम्प्युटर किंवा प्रिंटरसाठी वापरू नका, फक्त मोबाइल चार्जरला द्या. मग प्लग बघा. आपल्याकडच्या प्लगची वरची पिन मुद्दाम लांब आणि जाड केलेली आहे, म्हणजे लावताना अर्थ सगळ्यात आधी जोडला जावा आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावा. ती पिन कापलेली, सैल झालेली किंवा दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसलेली असेल तर बदलायची. यात तडजोड नको.

मोजमाप वायरमनकडूनच करून घ्या, पण आकडे तुम्हाला माहीत असू द्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमध्ये जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थचा आकडा बराच कमी आला किंवा काटा नुसताच भरकटत राहिला, तर अर्थ तुटलेला आहे. कोणी "सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थला तुकडा टाकून देतो" म्हणालं तर ठाम नाही म्हणा. न्यूट्रल कुठे तुटला की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक यंत्राचा पत्रा थेट जिवंत होतो.

एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. मीठ-कोळसा भरलेला जुन्या पद्धतीचा अर्थिंगचा खड्डा ओलाव्यावर चालतो, आणि ज्या महिन्यांत हवा कोरडी असते त्याच महिन्यांत तोही सुकतो. खड्ड्याला पाणी ओतायला नळी ठेवलेली असते ती यासाठीच. उन्हाळ्यात आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी घाला. इमारत भाड्याची असेल तर हे काम कोणाकडे आहे ते आधी विचारून ठेवा, कारण बहुतेक ठिकाणी ते कोणाकडेच नसतं.

स्टॅटिक जमिनीत जायला खरं तर उत्तम अर्थिंगही लागत नाही, दहा लाख ओहमच्या, म्हणजे फार मोठा रोध असलेल्या, वाटेनेही ते निवांत निघून जातं. अर्थिंग पहिल्या क्रमांकावर ठेवलंय ते माणसाच्या जिवासाठी.

हवा: वाटीभर पाण्याने का भागत नाही

दोन वस्तू एकमेकींना चिकटून वेगळ्या झाल्या की एकीकडचे इलेक्ट्रॉन दुसरीकडे राहतात. बूट आणि गालिचा, शर्ट आणि खुर्ची, कागद आणि रबराचा रोलर. हवा दमट असेल तर वस्तूंवर पाण्याचा अदृश्य थर असतो आणि त्यावरून प्रभार हळूहळू ओघळून जातो. हवा कोरडी झाली की तो साठतच राहतो. या क्षेत्रात नेहमी वापरल्या जाणाऱ्या तक्त्यात गालिच्यावरून चालणाऱ्या माणसाच्या अंगावर १०-२५ टक्के आर्द्रतेत ३५,००० व्होल्टपर्यंत आणि ६५-९० टक्क्यांत १,५०० व्होल्ट असे आकडे दिलेले असतात. फोमच्या खुर्चीचे आकडे १८,००० आणि १,५००. माणूस तोच, खुर्ची तीच, फरक फक्त हवेचा.

आणि आपल्याला चटका जाणवायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात. उघड्या चिपला मात्र शंभरभर व्होल्टही पुरे होतात. "मला काही बसलं नाही, म्हणजे रॅमला काही झालं नाही" हा हिशोब म्हणूनच चुकतो.

काही शे रुपयांत मिळणारा आर्द्रतामापक घ्या आणि एसीच्या झोतापासून दूर, टेबलाच्या उंचीवर लावा. तो खरं सांगतो का, हे मिठाने तपासता येतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, ते चिखलासारखं होईल इतपतच पाणी घाला, आणि झाकण व मापक दोन्ही घट्ट डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक वाचनात पाच मिळवा.

खोलीत ४० ते ६० टक्के आर्द्रता ठेवायची. ३० च्या खाली गेली की चटके सुरू झालेच म्हणून समजा. ६० च्या बरीच वर गेली की कागद वाकतात आणि फायलींना बुरशी येते, त्यामुळे पावसाळ्यात उलटी काळजी घ्यावी लागते.

आता पाण्याचा हिशोब. वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, दहा फूट उंच खोलीत साधारण ८५ घनमीटर हवा मावते. २५ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम बाष्प धरते. आर्द्रता २५ वरून ४५ टक्क्यांवर न्यायची तर ८५ × २३ × ०.२०, म्हणजे जवळपास ४०० मिलिलिटर पाणी हवेत जायला हवं. दारं-खिडक्यांतून तासाभरात खोलीतली सगळी हवा एकदा बदलली, तर हे ४०० मिलिलिटर दर तासाला लागतं. आठ तासांचे तीन लिटरच्या वर झाले. म्हणून टेबलावर पाण्याची वाटी ठेवल्याने समाधान मिळतं, आर्द्रता वाढत नाही.

विदर्भ-मराठवाड्यात यावर चालून आलेला उपाय म्हणजे कूलर. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी हवा भरपूर ओलावा आणते, आणि कूलर चालू असलेल्या खोलीत स्टॅटिकची तक्रार मी क्वचितच ऐकली आहे. फक्त त्याचा झोत थेट यंत्रांवर नको, कारण शिंतोडे आणि धूळ दोन्ही सोबत येतात. जिथे एसीच आहे तिथे ह्युमिडिफायर घ्या, पण प्रकार बघून घ्या. धुकं उडवणाऱ्या अल्ट्रासोनिक यंत्रात बोअरचं जड पाणी घातलं तर त्यातले क्षार पांढऱ्या भुकटीच्या रूपात कीबोर्डवर, पंख्यांत, सगळीकडे बसतात. त्यात आरओचं पाणी घाला, किंवा ओल्या जाळीतून हवा फिरवणारा प्रकार निवडा.

खुर्ची, फरशी, कपडे

सिंथेटिक गालिचा आणि पीव्हीसीचं आवरण यांच्यापेक्षा शहाबादी किंवा कोटा फरशी कितीतरी बरी. पूर्वी कॉम्प्युटर रूमच्या दाराशी चपला काढायला लावायचे, ते धुळीसाठी. पण अनवाणी पाय दगडी फरशीवर असले की अंगावर प्रभार साठतही नाही, हा वरचा फायदा. नायलॉनचे मोजे घालून गालिच्यावर चालणं याच्या नेमकं उलट. अनवाणी असताना विजेच्या बोर्डाला, यूपीएसच्या आतल्या भागाला मात्र हात लावायचा नाही.

गालिचा काढता येत नसेल तर कपड्यांना लावतात ते फॅब्रिक कंडिशनर एक भाग आणि पाणी पंधरा-वीस भाग असं मिसळून, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी गालिच्यावर आणि खुर्चीच्या कापडावर हलकं फवारा. महिनाभर तरी फरक पडतो. गुळगुळीत फरशीवर फवारू नका, पाय घसरेल. यंत्रांवर तर अजिबात नाही. खुर्चीला सुती खोळ शिवून घेणं हा याहून टिकाऊ उपाय, आणि शिंपी एका दिवसात देतो.

खुर्चीचा आणखी एक प्रकार सांगतो, कारण त्यापायी लोक नवे मॉनिटर घेतात. गॅसवर वर-खाली होणाऱ्या खुर्चीतून कोणी उठलं की समोरचा मॉनिटर क्षणभर काळा होतो आणि परत येतो. मॉनिटर बिघडलेला नसतो. खुर्चीच्या धातूच्या भागांत ठिणगी पडते, तिच्या लहरी एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टच्या केबलमध्ये शिरतात. केबल चांगल्या आवरणाची घ्या, शक्य तितकी आखूड ठेवा, खुर्चीच्या पायांपासून दूर न्या.

सवय एकच लावा: खुर्चीतून उठतानाच टेबलाच्या किंवा खुर्चीच्या उघड्या धातूवर हात ठेवायचा आणि उभं राहीपर्यंत उचलायचा नाही. उठून झाल्यावर लावलात तर चटका बसतो, उठतानाच लावून ठेवलात तर प्रभार साठतच नाही. दाराच्या धातूच्या मुठीची धास्ती वाटत असेल तर हातातली किल्ली आधी टेकवा. ठिणगी किल्लीवर पडते, बोटाला कळतही नाही. स्वेटर मात्र टेबलापासून दूर, पॅसेजमध्ये जाऊन काढा.

प्रिंटर, झेरॉक्स आणि कागद

लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन मुळातच स्टॅटिकवर चालतात. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यू यॉर्कच्या अस्टोरिया भागात पहिली प्रत काढली, ती गंधक लावलेली पत्र्याची पाटी रुमालाने घासून, प्रभार देऊनच. आजही ड्रमवर प्रभार देतात, प्रकाशाने हवा तिथला घालवतात, आणि या फरकामुळे टोनर हव्या त्याच जागी चिकटतो. म्हणजे या यंत्रात नको असलेला प्रभार हव्या असलेल्या प्रभाराच्या कामात ढवळाढवळ करतो, आणि तक्रारी सगळ्यात आधी इथेच येतात.

कागदाचं रिम गरज लागेपर्यंत वेष्टणातच राहू द्या. ऑफिसाच्या कागदात वजनाच्या साधारण ४-६ टक्के ओलावा असतो. वेष्टण फोडून रिम आठवडाभर एसीखाली पडलं की तो उडून जातो आणि कागद एकमेकांना धरून बसतात. ट्रेमध्ये घालण्यापूर्वी गठ्ठा पत्त्यांसारखा वाकवून, पंख्यासारखा उलगडून चारही बाजूंनी हवा खेळवा. पाठपोट छपाईत त्रास जास्त होतो, कारण पहिल्या फेरीत कागद २०० अंशांच्या आसपास तापलेल्या रोलरमधून जाऊन पार सुकलेला असतो. कोरड्या दिवसांत मोठं काम पन्नास-पन्नास पानांच्या तुकड्यांत काढा.

मग कागद बाहेर येतो त्या फटीत डोकावून बघा. तिथे बारीक काळ्या केसांची किंवा धातूच्या तंतूंची ब्रशसारखी पट्टी असते. बाहेर पडणाऱ्या कागदावरचा प्रभार उतरवणं हे तिचं काम. दुरुस्तीत ती बऱ्याचदा वाकते, कधी परत बसवायची राहून जाते. बाहेरच्या ट्रेमध्ये कागद एकमेकांना चिकटून वेडेवाकडे पडत असतील तर मेकॅनिकला नेमकी तीच पट्टी तपासायला सांगा.

सांडलेला टोनर घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका. त्याची भुकटी इतकी बारीक असते की साध्या पिशवीतून पार होऊन खोलीत पसरते, आणि प्लास्टिकच्या नळीतून जाताना घर्षणाने स्टॅटिक तयार होतं ते वेगळंच. किंचित ओलसर सुती फडक्याने, गार पाण्याने टिपा. लॅमिनेशन मशीन कॉम्प्युटरच्या टेबलावर नको. गरम प्लास्टिक सोलताना तिथे प्रचंड प्रभार तयार होतो.

कॅबिनेट उघडायचंच असेल तर

बंद कॅबिनेटमधला कॉम्प्युटर तसा दणकट असतो. अशा यंत्रांची चाचणी थेट स्पर्शाने ४,००० आणि हवेतून ८,००० व्होल्टच्या ठिणगीने घेतात. झाकण निघालं की ते कवच गेलं.

जागा निवडा: दगडी फरशी, लाकडी किंवा धातूचं टेबल, गालिचा नाही. टेबलावरून थर्माकोल, प्लास्टिकच्या पिशव्या, सेलोटेपचं रीळ, प्लास्टिकचे फोल्डर फूटभर तरी लांब सारा. हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढा. गळ्यातली साखळी किंवा मंगळसूत्र कपड्याच्या आत घ्या, बोर्डावर लोंबायला नको.

कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा. मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे आत उरलेला साठा निघून जातो. बोर्डावरचा छोटा दिवा विझेपर्यंत थांबा.

आता मनगटी पट्टा. तो बाहीवर नाही, थेट कातडीला घट्ट लागला पाहिजे. त्याची चिमटी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला लावा. प्लग काढल्यावर अर्थ कुठे राहिला, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. इथे मुद्दा जमिनीचा नसून सारखेपणाचा आहे: तुमचं अंग, कॅबिनेट आणि हातातला भाग एकाच पातळीवर असतील तर त्यांच्यात ठिणगी पडायचं कारण उरत नाही. चांगल्या पट्ट्याच्या वायरमध्ये दहा लाख ओहमचा रोध असतो, त्यामुळे चुकून २३० व्होल्टशी संबंध आला तरी अंगातून पाव मिलिअँपिअरहून कमीच प्रवाह जातो. साध्या वायरचा घरी केलेला पट्टा हे संरक्षण देत नाही, तो वापरू नका. बिनवायरचे पट्टेही विकतात, त्यांचा उपयोग शून्य. पट्टा नसेल तर एक हात सतत कॅबिनेटच्या उघड्या धातूवर ठेवा, आणि हात उचलावा लागलाच तर भागाला स्पर्श करण्याआधी परत टेकवा. यूपीएस, पॉवर सप्लाय किंवा चालू यंत्र उघडताना मात्र पट्टा घालायचा नाही.

रॅम, कार्ड, सगळं कडांनी धरा. सोनेरी पट्ट्यांना बोट नको. आणि आपल्याकडे सर्रास चालणारी एक पद्धत आता सोडायला हवी: रॅम काढून खोडरबराने घासणं. रबर घासण्यात स्टॅटिक तयार होतं, सोन्याचा पातळ मुलामा झिजतो, आणि भुगा खाचेत जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसा आणि वाळू द्या. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो गरगर फिरून स्वतःच वीज तयार करतो आणि ती बोर्डात पाठवतो.

सुटे भाग कशात ठेवायचे

एका हिवाळ्यात माझ्याकडचे तीन जादा रॅम, तिन्ही नवे, लागोपाठ दगा देऊ लागले. लावले की चालायचे, मग आठ-पंधरा दिवसांनी कॉम्प्युटर मधेच निळा पडायचा. मी ते थर्माकोलच्या डब्यात, आपटू नयेत म्हणून जपून ठेवले होते. थर्माकोल हा स्टॅटिक साठवण्यात फार पुढे, आणि मी तिथून काढताना प्रत्येक वेळी रॅम त्यावर घासत होतो. पूर्ण जळालेला भाग लगेच कळतो. असा अर्धवट दुखावलेला भाग चाचणीत पास होतो आणि महिनाभर गिऱ्हाइकाला छळतो. ते मला आजही बोचतं.

रॅम, हार्ड डिस्क, कार्डं नव्या भागांसोबत येते त्या, धातूचा थर असलेल्या चंदेरी पिशवीत ठेवा आणि तोंड दुमडून चिकटवा. उघड्या तोंडाच्या किंवा भोक पडलेल्या पिशवीतलं कवच अपुरं असतं. स्टॅटिकविरोधी म्हणून मिळणारी गुलाबी पिशवी स्वतः प्रभार तयार करत नाही एवढंच, बाहेरून आलेली ठिणगी ती अडवत नाही. बबल रॅप वापरायचं तर चंदेरी पिशवीच्या बाहेरून. आणि बोर्ड चंदेरी पिशवीवर ठेवून चालू करून बघू नका, पिशवीचा पृष्ठभाग थोडीफार वीज वाहू देतो. चाचणीसाठी कोरडं पुठ्ठ्याचं खोकं बरं.

चटका बसल्याबरोबर एखादं यंत्र गप्प झालं तर घाईने काही उघडू नका. बंद करा, प्लग काढा, दोन मिनिटं थांबा, परत लावा. राउटर, माउस, पेनड्राइव्ह बहुतेक वेळा जागेवर येतात. तेच यंत्र पुन्हा अडलं तर त्याच दिवशी डेटाची प्रत घ्या आणि रात्रभर रॅमची चाचणी लावा, विंडोजमध्ये ती सोय आहेच. मापकाशेजारी एक वही टांगून ठेवा आणि तारीख, वेळ, आर्द्रता, कोणतं यंत्र, काय झालं, एवढं लिहा. एका दवाखान्याच्या वहीत सगळ्या नोंदी सकाळी नऊ ते साडेनऊच्या निघाल्या. त्या वेळी तिथे कोरड्या पॉलिस्टरच्या झाडणीने मॉनिटर आणि कीबोर्ड झटकले जात होते. झाडणीऐवजी किंचित ओलसर सुती फडकं दिलं, आणि बंद यंत्रावरच ते फिरवायला सांगितलं. त्यानंतरच्या हिवाळ्याची पानं कोरी आहेत.